ओट्यापासून मंडईपर्यंत : ५० मिमीच्या एका लेन्सबरोबर वर्षभर

कॅननच्या ‘ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम’ या लेन्सबद्दल नव्याने लिहिण्यासारखे फारसे उरलेले नाही, याची मला कल्पना आहे. ती २०१५ साली बाजारात आली. तेव्हापासून तिच्या तीक्ष्णतेवर, पार्श्वभूमी धूसर करण्याच्या गुणावर आणि परवडणाऱ्या किमतीवर पुष्कळ लिहून झाले आहे, आणि ‘आता दुसरी लेन्स कोणती घेऊ’ असे विचारणाऱ्या नवख्या हौशी माणसाला बहुतेक वेळा हेच नाव सुचवले जाते. तरीही तिचे परीक्षण लिहावेसे वाटते, कारण मी तिला वर्षभर ज्या कसोटीवर घासून पाहिले ती कसोटी सहसा कोणी लावत नाही. रोजच्या घरात, रोजच्या जिन्यात आणि रोजच्या बाजारात ‘फोटो काढण्यासारखे काही नाही’ असे ज्याला वाटू लागले आहे, त्याला विषय सापडायला ही लेन्स काही मदत करते का, एवढाच माझा प्रश्न होता.

तसे मलाच वाटू लागले होते. कॅमेरा घेतला त्या वर्षी आम्ही हंपीला गेलो, पुढच्या सप्टेंबरात कास पठारावर गेलो, आणि त्यानंतर कॅमेरा कपाटात जाऊन बसला तो पुढच्या सहलीची वाट पाहत. अशी कपाटे ओळखीच्या निम्म्या घरांत तरी आहेत. शेवटी मी स्वतःला एक नियम घालून घेतला. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची झूम किट लेन्स (मिमीचा आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद) बाजूला ठेवायची आणि वर्षभर फक्त ही एकच लेन्स वापरायची. तीही सदाशिव पेठेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आणि तिथून पायी जाता येईल तेवढ्या टापूत, म्हणजे तुळशीबाग, मंडई, बोहरी आळी आणि फार तर कसब्यातल्या तांबट आळीपर्यंत. पुढे लिहिले आहे ते सारे या मर्यादेतले आहे. लग्नसमारंभ, पक्षी किंवा किल्ले यांसाठी ही लेन्स कशी आहे ते या लेखात सापडणार नाही.

आकडे आधी उरकते. वजन सुमारे १६० ग्रॅम, म्हणजे एका मोठ्या कांद्याएवढे. आत पाच गटांत बसवलेली सहा भिंगे आहेत, ॲपर्चरला, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या छिद्राला, सात पाती आहेत, पुढे ४९ मिमीचा फिल्टर बसतो, माउंट (कॅमेऱ्यात अडकणारी मागची कडी) धातूचे आहे आणि सर्वांत जवळून फोकस होण्याचे अंतर ३५ सेंटिमीटर आहे. हिच्या आधीची, १९९० पासून चालत आलेली आवृत्ती आणखी हलकी होती, पण तिचे माउंट प्लॅस्टिकचे होते, पाती पाचच होती आणि किमान अंतर ४५ सेंटिमीटर होते. दहा सेंटिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. माझ्या कामात मात्र नव्या आवृत्तीतली सर्वांत मोलाची सुधारणा तीच ठरली. माझा कॅमेरा कॅननचा १५००डी आहे, म्हणजे त्याचा सेन्सर (प्रतिमा टिपणारा भाग) एपीएस-सी या लहान आकाराचा, २२.३ गुणिले १४.९ मिलिमीटरचा आहे. त्याचा उल्लेख मुद्दाम करते, कारण या लेन्सबद्दल जे जे सांगितले जाते त्यातले बरेचसे या सेन्सरपाशी येऊन बदलते.

उदाहरणार्थ, ‘पन्नास म्हणजे माणसाची नजर’ हे वाक्य. ओंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक काम लायका कॅमेऱ्याला ५० मिमी लावून केले, आणि रस्त्यावरच्या छायाचित्रणात या आकड्याला जो मान आहे त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण त्यांच्या फिल्मची चौकट ३६ गुणिले २४ मिलिमीटरची होती. आपल्या लहान सेन्सरवर तीच लेन्स ८० मिमीसारखे दृश्य देते, म्हणजे डोळ्याला समोर जेवढे दिसते त्याचा मधला तुकडा तेवढा हाती येतो. विकत घेताना हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस मी पुरती वैतागले होते.

आमचे स्वयंपाकघर दहा फूट बाय आठ फुटांचे आहे. साडेपाच फुटांच्या आसपास उंची असलेला उभा माणूस चौकटीत नखशिखान्त बसवायचा तर या लेन्सला आणि या सेन्सरला साधारण साडेबारा फूट मागे जावे लागते. माझी पाठ फ्रिजला टेकली तरी सासूबाईंचे एक तर डोके सुटे किंवा पाय सुटत. ओटा, खिडकी, भांड्यांची मांडणी आणि त्यात काम करणारे माणूस, असे ‘स्वयंपाकघराचे छायाचित्र’ या लेन्सने घेताच येत नाही. किट लेन्सवर ते १८ मिमीला चुटकीसरशी येते, आणि खरे सांगायचे तर आजवर मी तशी पन्नासएक छायाचित्रे घेतली होती. त्यांतले एकही मला पुन्हा पाहावेसे वाटलेले नाही.

चार फुटांवर उभे राहिले तर चौकटीत वीस इंच बाय तेरा इंच एवढाच भाग मावतो : एक परात आणि तिच्यातले दोन हात. तिथून पुढे मला विषय दिसू लागले, असे आता मागे वळून पाहताना वाटते. सगळे घेता येत नाही म्हटल्यावर काय ठेवायचे ते ठरवावे लागते. कणीक मळताना सासूबाईंच्या बांगड्या मनगटावरून मागे सारलेल्या असतात आणि त्यांतली एक दरवेळी घसरून पुढे येते, हे मी बारा वर्षे त्याच ओट्याशी उभी राहूनही पाहिले नव्हते. ‘अगं, चेहरा सोडून हातांचे काय फोटो काढतेस, काही होतंय का माझ्या हातांना?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्यापाशी धड उत्तर नव्हते. वर्षअखेर मात्र जी बारा छायाचित्रे मी छापून घेतली, त्यांतली पाच हातांची आहेत : मटार सोलणारे, वाती वळणारे, दाराच्या कडीला तेल घालणारे, पेपरची घडी घालणारे आणि सुईत दोरा ओवताना हवेतच थबकलेले. त्या शेवटच्या छायाचित्रावर माझा विशेष जीव आहे, जरी त्यात फोकस सुईवर न बसता नखावर बसलेला असला तरी.

फोकस चुकण्याचे हे प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवे, कारण जवळच्या विषयांमध्ये ही लेन्स सर्वांत जास्त देते आणि सर्वांत जास्त छळतेही. ३५ सेंटिमीटरवरून चौकटीत साडेदहा सेंटिमीटर गुणिले सात सेंटिमीटर एवढी जागा येते. पत्त्याच्या पानाहून थोडी मोठी. लिंबाची अर्धी फोड, मिसळणाच्या डब्यातली एकच वाटी, कपबशीचा उडालेला टवका, शिलाई मशीनच्या पायाखालून जाणारी शिवण, हे सगळे त्या पानाएवढ्या जागेत भरगच्च बसते. मात्र एफ/१.८वर, म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून (एफचा आकडा वाढतो तसे ते लहान होत जाते), या अंतरावरून जेमतेम दोन मिलिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. मोहरीचा एक दाणा स्वच्छ आणि त्याच्या मागचा दाणा धूर, असा तो हिशेब आहे. एफ/८वर हीच खोली सुमारे आठ मिलिमीटर होते, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढी. नव्याने लेन्स घेतलेला माणूस सगळे काही एफ/१.८वर काढतो, मीही काढले. पहिल्या महिन्यातली माझी छायाचित्रे पाहिली तर आमच्या घरात धुके असते की काय अशी शंका यावी. पार्श्वभूमी पुसून टाकणे ही विषय शोधण्यातून सुटका करून घेण्याची सोपी वाट आहे. जे पुसले गेले ते पाहायचे राहून जाते. तिसऱ्या महिन्यापासून मी घरातल्या वस्तूंसाठी एफ/४ ते एफ/८ यांच्या दरम्यान राहू लागले, आणि लेन्सही तिथेच सर्वांत कसदार चित्र देते. उघड्या ॲपर्चरला चौकटीचे कोपरे मऊ पडतात आणि चकचकीत स्टीलच्या कडांवर जांभळट किनार दिसते.

इथे एक गोष्ट किट लेन्सच्या बाजूने सांगणे भाग आहे. आमच्या १८-५५ किट लेन्सचे किमान अंतर २५ सेंटिमीटर आहे आणि ५५ मिमीवर ती वस्तू सेन्सरवर ०.३४ पट आकाराची दाखवते. ही पन्नासची लेन्स ०.२१ पटच दाखवते. म्हणजे निव्वळ जवळून मोठे दिसण्यासाठी हे पैसे खर्च करायचे असतील तर करू नयेत. घरात पडलेली लेन्स त्या कामात सरस आहे.

मंडईतून आणलेल्या ढोबळ्या मिरच्यांवर मी एक अख्खा रविवार घालवला. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपलेले छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. नरसाळ्याच्या आतल्या वळणामुळे प्रकाश मिरचीवर सगळीकडून हळुवार परतत राहतो आणि ती मिरची एखाद्या पाठमोऱ्या माणसाच्या देहासारखी भासते. आमच्याकडे रॉकेलचे जुने नरसाळे माळ्यावर होते, पण ते फारच लहान निघाले, म्हणून मी स्टीलचे पातेले आडवे करून त्यात मिरची ठेवली. निकाल वेस्टनच्या जवळपासही पोचला नाही, हे वेगळे सांगायला नको. पण त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे गुळगुळीत स्टीलमध्ये खिडकी, गज आणि कॅमेरा धरलेली मी, असे सगळेच उमटते, आणि पत्र्याचा मंदपणा हाच तिथला खरा गुण होता. दुसरी म्हणजे बाजारात मिरची निवडण्याची रीत बदलली. भाजीवालीने पुढे केलेल्या सरळ, टपोऱ्या मिरच्या बाजूला सारून मी वाकड्या, एकमेकींत गुंतल्यासारख्या वाढलेल्या मिरच्या शोधू लागले, तेव्हा तिने माझ्याकडे संशयाने पाहिले आणि भावही थोडा उतरवला.

आंद्रे केर्तेस या हंगेरीतून पॅरिसला आलेल्या छायाचित्रकाराचे १९२८ सालचे एक छायाचित्र आहे : ताटलीच्या कडेला टेकवलेला काटा आणि त्याची सावली. बस, एवढेच. आपल्या घरांत काट्यांपेक्षा झारे, पळ्या आणि किसण्या अधिक. किसणीची सावली हा विषय मी सगळ्यांना सुचवेन, मात्र त्यासाठी ऊन तिरपे हवे आणि ते घरात कधी येते हे ठाऊक हवे.

उन्हाची ही नोंद ठेवणे मला या वर्षातले सर्वांत उपयोगी काम वाटले. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आग्नेयेला आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला आणि खाली असल्याने सकाळचे ऊन गजांमधून थेट समोरच्या भिंतीपर्यंत पोचते, साधारण वीस-पंचवीस मिनिटे मांडणीवरच्या डब्यांवर फिरते आणि जाते. मार्च उलटला की ते ओट्याच्या काठावरच थांबते, आणि मे महिन्यात खिडकीच्या चौकटीशिवाय कुठेच शिरत नाही. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी मी उन्हाची वेळ आणि जागा लिहीत असे. योसेफ सुदेक या चेक छायाचित्रकाराने, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या माणसाने, १९४० पासून पुढे अनेक वर्षे प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीची छायाचित्रे घेतली. काचेवरचे दव, बर्फ, पलीकडचे वाकडे झाड आणि खिडकीत ठेवलेला पाण्याचा पेला. प्रागची थंडी आपल्याकडे नाही, पण कुकरच्या वाफेने आणि श्रावणातल्या दमटपणाने आमचीही काच धूसर होते, आणि पलीकडे झाड नसले तरी समोरच्या वाड्याच्या जागी उठणारी इमारत वर्षभर एकेक मजला चढत होती. जून ते ऑक्टोबर या काळात त्याच खिडकीतून घेतलेली अठरा छायाचित्रे सलग लावली तर आकाश कमी कमी होत जाताना दिसते. अशा मालिकेला ठरावीक लेन्सचा फायदा होतो, कारण झूम नसल्याने चौकट दरवेळी आपोआप तीच राहते. फरशीवर खडूने एक खूण केली की झाले.

अंधुक प्रकाशात या लेन्सची किंमत वसूल होते. किट लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६च्या पलीकडे उघडत नाही, एफ/१.८ म्हणजे त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश. देवघरातल्या निरांजनाच्या उजेडात मला आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १६००ला सेकंदाचा ऐंशीवा भाग एवढा शटरवेग मिळाला, तिथे किट लेन्सने आठवा भाग दिला असता. किट लेन्समध्ये हात हलण्यापासून वाचवणारी स्थिरीकरणाची सोय आहे आणि या लेन्समध्ये ती नाही, हे खरे. पण स्थिरीकरण कॅमेरा सावरते, ज्योत सावरत नाही, आणि फुलवात सरकवणारा हातही नाही. वीज गेलेली संध्याकाळ, जिन्यातला चाळीस वॅटचा पिवळा दिवा, पहाटे दूध उतू जायच्या बेताला आलेले पातेले, हे सगळे विषय या एका सोयीमुळे आटोक्यात आले. मात्र कॅमेऱ्याच्या नऊ फोकसबिंदूंपैकी फक्त मधला बिंदू क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा, आहे आणि कमी उजेडात भरवसा त्याच्यावरच ठेवावा लागतो, म्हणून आधी मध्यावर फोकस बांधायचा आणि मग चौकट सरकवायची, ही सवय करून घ्यावी. दोन मिलिमीटरच्या खोलीत ती सरकवतानाही फोकस सुटतो, हेही सोसावे.

तांबट आळीत मी तीनदा गेले. पेशवाईपासून तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. हातोडीने ठोके देत भांड्याच्या पृष्ठभागावर सारख्या अंतराचे ठसे उठवण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात, आणि त्यामुळे भांड्याला नुसती शोभाच नव्हे तर मजबुतीही येते. बाहेरून येणारा फोटोग्राफर तिथे साधारणपणे काय काढतो ते मला ठाऊक होते : धुरकट खोली, घामेजलेला कारागीर, उगारलेली हातोडी. माझ्या लेन्समध्ये खोली मावत नव्हती. दुकान लहान, समोर गल्ली अरुंद आणि गल्लीत दुचाकी उभ्या. मग एका अर्धवट मठारलेल्या हंड्यापाशीच मी बसले. एका बाजूला गुळगुळीत तांबे, दुसऱ्या बाजूला ठशांच्या ओळी, आणि प्रत्येक ठशात दाराचा एकेक पांढरा ठिपका. कारागीर म्हणाले, ‘काढा ताई, हवे तेवढे काढा, पण नीट बघा, त्यात तुमचंच तोंड दिसतंय.’ ते खरेच होते. प्रत्येक ठिपक्यात दारात बसलेली माझी काळी आकृती होती, शंभरदा, आणि ती टाळण्याचा कोणताही उपाय नव्हता. घरी येऊन पाहिल्यावर मी ते छायाचित्र पुसले नाही. पुढच्या खेपेला लाल ओढणी घेऊन गेले आणि मुद्दाम त्याच जागी बसले; आता त्या हंड्यावर ठिपक्याठिपक्यातून एक लाल रेघ फिरते. या वर्षात मी घेतलेले सर्वांत बरे छायाचित्र ते आहे आणि त्याचे अर्धे श्रेय त्या कारागिरांचे.

अशा ठिकाणी आवाज हाही मुद्दा असतो. या लेन्सची फोकस मोटर मुळीच निःशब्द नाही, बारीक घरघर ऐकू येते. ठोक्यांच्या गजरात तिचे काहीच वाटत नाही, झोपलेल्या बाळाजवळ वाटते.

महात्मा फुले मंडईबद्दल थोडेच लिहिते, कारण तिथे माझे वर्ष फारसे फळले नाही. १८८६ साली बांधलेली ती दगडी इमारत, तिचा अष्टकोनी मधला भाग आणि उंचावरून खाली येणारा उजेड पाहता कोणीही म्हणेल की इथे विषयांना तोटा नाही. तोटा नाहीच, अडचण वेगळी आहे. ८० मिमीसारखी दृष्टी असल्याने माणूस सात-आठ फुटांवर उभा राहून दुसऱ्याचा चेहरा टिपतो, आणि एवढ्या अंतरावर बोलणे होत नाही पण कॅमेरा मात्र दिसतो. विकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जो ताठरपणा येतो तो प्रत्येक छायाचित्रात उतरला. जवळ जाऊन आधी भाजी घ्यावी, दोन शब्द बोलावे, विचारावे आणि मग मागे सरकून छायाचित्र घ्यावे, तर मधल्या वाटेत गिऱ्हाइकांची वर्दळ. परवानगी विचारण्याबाबत माझे मत ठाम आहे : बाजार सार्वजनिक असला तरी गाळा हा त्या माणसाच्या पोटाचा आहे, आणि नाही म्हटले तर नाही. शेवटी मी माणसे सोडून भिजवलेली गोणपाटे, लिंबांचे वाटे, वजनकाट्याच्या पाटीवर चिकटलेले कोथिंबिरीचे पान आणि गाळ्यावर टांगलेल्या कालच्या हारांकडे वळले. ते ठीक जमले. पण मंडईसाठी मला याहून रुंद लेन्स हवी होती, हे मान्य करते.

भर दुपारी या लेन्सचे उघडे ॲपर्चर निरुपयोगी असते, हे नव्या माणसाला आधी सांगून ठेवावे. लख्ख उन्हात आयएसओ १००ला एफ/१.८ ठेवायचे तर सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाएवढा शटरवेग लागतो आणि माझा कॅमेरा चार हजाराव्या भागाशी थांबतो, एफ/२.८वर यावेच लागते. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवशी गच्चीवर पापड वाळत घातले होते. वाळवणाच्या कापडावर दगड, कडेला पाण्याचा पेला, आणि कशालाच सावली नाही. एरवी सावलीवर जगणाऱ्या मला त्या दोन मिनिटांत काय टिपावे ते सुचेना, आणि मग तेच टिपले. छायाचित्र सपाट आहे, जवळजवळ चित्रकलेच्या वहीतल्यासारखे, पण कागदावर चिकटवल्यासारखा दिसणारा तो पेला पाहणारा माणूस थांबतो आणि ‘हे कसे काय’ असे विचारतो.

रचनेतल्या काही गोष्टी थोडक्यात. फोकसची कडी विजेवर चालते, कॅमेरा बंद असताना ती फिरवून काही होत नाही. फोकस होताना पुढची नळी बाहेर येते, तिला धक्का लागू देऊ नये आणि बंद करण्यापूर्वी ती आत घ्यावी. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाशी लावायचा आडोसा, वेगळा विकत घ्यावा लागतो. तो घ्यावाच, कारण खिडकीसमोर काम करताना बाजूचा उजेड अडतो आणि बाहेर आलेल्या नळीला आडोसाही मिळतो. धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही, त्यामुळे पावसात आणि होळीत ती बाहेर काढू नये.

आता पर्याय. माझ्यासारखाच लहान सेन्सरचा कॅमेरा आणि लहान घर असेल, आणि आयुष्यात एकच ठरावीक लेन्स घ्यायची असेल, तर कॅननचीच ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ एसटीएम आधी पाहावी, असे मी आता सांगेन. २०१४ साली आलेली ती चपटी लेन्स १२५ ग्रॅमची आहे, १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि या सेन्सरवर ३८ मिमीसारखे, म्हणजे खरोखर डोळ्याच्या जवळचे दृश्य देते. मंडईत तीच हवी होती. प्रकाश मात्र तिला पन्नासच्या निम्म्याहून कमी मिळतो, आणि निरांजनापाशी तो फरक जाणवेल. ज्यांच्याकडे कॅननचा आरएफ माउंटचा मिररलेस (आत आरसा नसलेला, नव्या पद्धतीचा) कॅमेरा आहे त्यांनी २०२० साली आलेली आरएफ ५० मिमी एफ/१.८ घ्यावी; ती ३० सेंटिमीटरपर्यंत जाते, वस्तू ०.२५ पट दाखवते आणि मध्ये ॲडॉप्टर (वेगळ्या माउंटची लेन्स जोडायची कडी) लागत नाही. मोठ्या सेन्सरच्या जुन्या कॅमेऱ्यावर हीच ईएफ लेन्स वेगळी वागते. तिथे ती खरीच पन्नास असते आणि आमच्या स्वयंपाकघरातही कदाचित माणूस गुडघ्यापर्यंत मावला असता.

असे असूनही मी माझी लेन्स बदललेली नाही. २४ मिमी माझ्या हाती आधी आली असती, तर मी पुन्हा सगळे स्वयंपाकघर काढत बसले असते, अशी मला दाट शंका आहे. ज्याला घरातले प्रसंग, मुलांचा दंगा, पंगत, वाढदिवस टिपायचे आहेत त्याला ही लेन्स अपुरी पडेल आणि तो चिडेल. ज्याच्याकडे छायाचित्रे ढीगभर आहेत पण विषय संपले आहेत, त्याला ती वर्षभर तरी पुरेल. पाचपैकी गुण द्यायचेच झाले तर पहिल्यासाठी अडीच आणि दुसऱ्यासाठी साडेचार.

मी माझी लेन्स जुनी घेतली, नव्या लेन्सच्या साधारण निम्म्या किमतीत, एका ओळखीच्यांच्या ओळखीतून. जुनी घेणाऱ्याने दोन गोष्टी तपासाव्यात. मोबाइलचा दिवा मागून लावून भिंगांतून आरपार पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी असते आणि ती साफ करण्याचा खर्च या लेन्सच्या मानाने परवडत नाही. मग कॅमेऱ्याला लावून जवळ-लांब-जवळ असा दहा-बारा वेळा फोकस करून पाहावा. नळी अडखळली किंवा करकरली तर घेऊ नये, कारण पडलेल्या लेन्सची पहिली खूण ती असते. कोकणात आणि मुंबईत वापरलेल्या लेन्सकडे दुप्पट बारकाईने पाहावे.

पावसाळ्यात ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्यांबरोबर ठेवते. आमचा डबा दिवाळीच्या फराळाचा आहे, आणि त्यावर सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे : ‘यात चिवडा नाही.’